तोंडानं अख्खं गुऱ्हाळ, वहीत तीन ओळी: डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचं लिखाण

पंचगंगाकाठ

मुलगा सहावीत आहे, सेमीला. डिस्लेक्सियाचं (डोकं चांगलं चालतं, पण वाचणं-लिहिणं अवघड जातं) निदान झालंय, त्यामुळे 'आधी तपासून घ्या' हा सल्ला कृपया नको. वाचनासाठी एका ताईंकडे जातो आणि ते हळूहळू सुधारतंय. माझा प्रश्न लिहिण्याबद्दल आहे. अक्षर सुधारण्याबद्दल नाही, डोक्यातलं कागदावर कसं आणायचं त्याबद्दल.

उदाहरण देते. माझ्या भावाचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. हंगाम सुरू झाला की पोरगं सुट्टीला तिथंच पडीक. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, कधी सोडायचा, खालच्या चुलवाणात चिपाड किती दमानं सारायचं, भेंडीचं पाणी घातलं की मळी, म्हणजे रसातली घाण, कशी वर येते, गूळ करणारा गुळव्या पाक पाण्यात टाकून कसा बघतो, सगळं हातवारे करून सांगतो. शाळेत 'मी पाहिलेला उद्योग' असा निबंध आला. वहीत काय लिहिलं? 'माझ्या मामाचा ऊस आहे. ऊस गोड असतो. मला गूळ आवडतो.' संपला निबंध.

विचारलं, अरे काहील कुठाय, मळी कुठाय? तर म्हणाला, "गुऱ्हाळ लिहायला येत नाही म्हणून ऊस लिहिला."

तर त्यानं सांगायचं आणि मी लिहून घ्यायचं, असं करावं का? सासूबाई म्हणतात सवय लागेल. शाळेतल्या बाई म्हणतात रोज एक पान शुद्धलेखन काढून घ्या. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा.

कटवडा

पाचवी ओळ वाचता वाचता काकवीचा वास आला. मी मास्तर असतो तर तोंडी परीक्षा गुऱ्हाळावरच घेतली असती. परीक्षक म्हणून यायला तयार आहे, भाकरी मी घेऊन येतो.

निवृत्त_मास्तर

जिल्हा परिषदेच्या शाळांत हयात गेली. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हात वळल्याशिवाय लिखाण येत नाही. आज आई लिहून देणार, उद्या मोबाईल लिहून देणार, मग पोराच्या हाताला वळण कधी लागायचं? तो सांगत बसेल, तुम्ही लिहीत बसाल. दहावीच्या पेपरला कोण बसणार?

तालीमवाला

मास्तर, दहावीला लेखनिक बसतोय की! नियमातच हाय.

निवृत्त_मास्तर

नियम मलाही माहीत आहेत. लेखनिकाला सांगायला तरी डोक्यात वाक्य तयार पाहिजे ना? ते कुठून येणार?

विशेष_ताई

मास्तर, तुमचा हा दुसरा प्रश्न फार नेमका आहे. त्याच्याकडे येते, पण आधी पहिल्याचं बघू.

हाताला सराव हवाच, त्यात वाद नाही. पण दोन कामं एकाच वहीत एकाच वेळी करून घेतली जातात, घोटाळा तिथं होतो. निबंध लिहिताना मूल काय काय सांभाळतं बघा. काय सांगायचं, आधी कुठलं, त्याचं वाक्य कसं करायचं, लिहून होईपर्यंत ते वाक्य डोक्यात धरून ठेवायचं. वर शब्दातला एकेक आवाज सुटा करायचा, त्याचं अक्षर आठवायचं, काना-मात्रा बघायच्या आणि हात वळवायचा. यातली शेवटची कामं आपल्याकडून न कळत होतात. या मुलांना त्यातलं प्रत्येक काम मुद्दाम करावं लागतं. 'चुलवाण' लिहिताना 'चु'ला पहिला उकार की दुसरा, इथं अडकलं की पुढचं वाक्य गेलंच डोक्यातून. मग मूल तोडगा काढतं आणि जेवढं लिहिता येतं तेवढंच सांगतं. तपासणाऱ्या बाईंना वाटतं, याला काही माहीतच नाही.

'मराठी बोलतो तशी लिहितो, डिस्लेक्सियाचा त्रास इंग्रजीतच' असं पालक मला नेहमी ऐकवतात. इंग्रजी स्पेलिंगचा जाच जास्त, हे खरं. पण आपली पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि कागदावर त्याच्या आधी काढावी लागते. 'र' तर बघाच: सूर्य, चक्र, राष्ट्र, दुसऱ्या. चार शब्दांत चार रूपं. 'गुऱ्हाळ' टाळणारं पोरगं वेडं नाही.

आता मी वर्गात काय करते ते. पहिल्या दिवशी वही नाहीच. मूल सांगतं, मी मधे फक्त "मग?" म्हणते. सांगून झालं की छोट्या चिठ्ठ्यांवर एकेक शब्द किंवा चित्र. ज्याला शब्द जमत नाही तो काहिलीचा गोल काढतो, माझी हरकत नसते. चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या आणि आधी कुठली, नंतर कुठली हे त्यानंच ठरवायचं. मास्तरांनी विचारलेलं 'डोक्यातलं वाक्य' इथं तयार होतं. एक चिठ्ठी उचलायची, तिचं वाक्य मोठ्यानं म्हणायचं, शब्द बोटांवर मोजायचे आणि तेवढं एकच वाक्य लिहायचं. बोटं मोजल्यामुळे मधला शब्द गळत नाही. अवघड शब्दांची पट्टी समोर ठेवायची, त्यातून बघून लिहिणं म्हणजे कॉपी नव्हे. शुद्धलेखनाला दुसऱ्या दिवशी हात लावायचा, तोही एका वेळी एकाच गोष्टीसाठी. आज फक्त पूर्णविराम बघायचे असतील तर वेलांट्या चुकलेल्या दिसल्या तरी गप्प बसायचं. मोठ्यांना हेच सगळ्यात अवघड जातं.

आणि पंचगंगाकाठ, लिहून जरूर घ्या, पण तो बोलेल तसंच्या तसं. "मग मामा म्हणाला, मग मळी आली, मग" असं म्हणाला तर तिन्ही 'मग' लिहा. नंतर वाचून दाखवा. तोच म्हणेल, "एक मग काढ." तुम्ही मधे 'रसाचा मंद सुवास आसमंतात दरवळत होता' घातलंत की निबंध तुमचा झाला, आणि पोराला ते बरोबर कळतं.

मोडीवाला

अवांतर: मोडीतल्या जुन्या कागदांच्या नादाला लागलेला माणूस आहे मी. मोडीत इकार-उकाराला ऱ्हस्व-दीर्घ असा भेद पाळत नसत. सनदा, इनामं, वतनाचे तंटे, सगळा कारभार तसाच चालला. वेलांटीपायी कुणाचं वतन बुडाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

निवृत्त_मास्तर

बुडालं असेल. तुम्हाला तो कागद लागला नसेल.

मोडीवाला

मास्तर, दंडवत.

सायबर_चौक

एक रोखठोक प्रश्न. आमच्या वेळी हे डिस्लेक्सिया वगैरे नव्हतं. दोन फटके बसले की सगळे लिहायला लागायचे. हल्ली प्रत्येकाला एक लेबल लागतंच.

बालरोग_शाहूपुरी

होतं की. 'ढ' म्हणायचे आणि मागच्या बाकावर बसवायचे. चौथीनंतर शाळा सुटायची, मग ते पोरगं आपल्या आठवणीतूनही जायचं. म्हणून 'नव्हतं' वाटतं.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. हुशार, खेळात चपळ, नजर उत्तम, पण वाचता-लिहिता येईना. स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करून 'प्रेसी' लिहायचा आणि चूक त्याच्या लक्षातच यायची नाही. त्याच्या मास्तरांचं मतही त्यात आहे: शिकवणं सगळं तोंडी असतं, तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. पंचगंगाकाठ यांचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. फटके तेव्हाही उपलब्ध होते.

सायबर_चौक

बरं, फटक्यांचं मागे घेतो. पण सरसकट सगळ्यांना लागू करू नका, एवढंच म्हणणं.

कळंबा_रोड

आमच्याकडं उलटं आहे, म्हणून लिहिते. मुलगी चौथीत. तोंडीसुद्धा फार सांगत नाही. "सांग बघू" म्हटलं की तोंडाला कुलूप. त्यामुळे 'आधी बोलू द्या' हे प्रत्येकाला चालेलच असं नाही.

तिच्यासाठी चित्र चालतं. जोतिबाच्या यात्रेला जाऊन आलो, तेव्हा कागदावर चार चौकोन आखून दिले. तिनं एकात नुसती सासनकाठी काढली, पानभर उंच, आणि खाली छोटी छोटी माणसं. मी विचारलं, ही काठी कुणी धरलीय? "बाबांनी." आणि ह्या रेघा? "दोऱ्या. नाहीतर पडंल." हात लाल का केलास? "गुलाल." ही उत्तरंच तिनं चौकोनाखाली लिहिली. बाकीच्या मुलींनी 'जोतिबा हे महाराष्ट्राचे आराध्य दैवत आहे' असं लिहिलं होतं. हिचं 'काठी मोठी आहे. दोऱ्या धरल्या नाहीतर पडंल. बाबांचा हात लाल झाला.' मला तरी हिचंच आवडलं. बाईंनी 'पडंल' खाली लाल रेघ मारली ते सोडा.

विशेष_ताई

@कळंबा_रोड, अगदी बरोबर. मोकळा प्रश्न काही मुलांना झेपत नाही. 'कुणी धरलीय' हा झेपतो. आणि 'पडंल' राहू दे, निदान पहिल्या खर्ड्यात तरी. घरची बोली काढून घेतली की मूल आणखी गप्प होतं.

तालीमवाला

आमच्या भाच्याची गंमत सांगतो. पेठेतला, म्हंजे फुटबॉल रक्तातच. शाहू स्टेडियमवरची मॅच असली सांगतोय, तुमच्या टीव्हीवाल्यानं पाणी भरावं. पण लिहायला बसला की 'मॅच छान झाली. आम्ही जिंकलो.'

मी मोबाईलवर त्याचं बोलणं रेकॉर्ड केलं न् त्यालाच ऐकवलं. पहिल्यांदा लाजला. मग ऐकता ऐकता स्वतःच म्हणतोय, "मामा, मी गोल आधी सांगितला की! मग पुढं कोण वाचंल?" पठ्ठ्यानं चिठ्ठ्या फिरवल्या आणि पेनल्टी हुकल्याली वर घेतली, गोल शेवटाला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लिहून झालं अर्धं पान. अर्ध्या पानाचं काय घेऊन बसलाय म्हणाल, पण आमच्या घरात त्या दिवशी मिसळ आली.

शिरोली_फौंड्री

हा प्रतिसाद मी फोनला बोलून टाकतोय, पूर्णविराम मिसेसनी घातलेत.

मला स्वतःला डिस्लेक्सिया आहे, कळलं मात्र नोकरी लागल्यावर. शिरोली एमआयडीसीत सुपरवायझर आहे. कास्टिंगमध्ये ब्लो होल (हवेचं भोक) आलं की साच्याच्या वाळूत ओल राहिली होती का, कोअर (साच्याच्या आतला वाळूचा गाभा) नीट भाजला होता का, हे मी उभ्या उभ्या सांगतो. रिजेक्शनचा रिपोर्ट लिहा म्हटलं की घाम फुटायचा. फोनवर बोलून टाईप करायला लागलो तसा तो ताण गेला.

पण मुलांच्या हातात देताना दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवा. फोनला पुस्तकी मराठी कळते, गुऱ्हाळाची मराठी त्याच्या गावीच नसते. आत्ता मुद्दाम 'काहील' म्हणून बघितलं, 'काही' असं उमटलं. पोरगं चूक ओळखायला वाचणार, आणि वाचायचाच त्याला त्रास! म्हणून एका दमात सगळं बोलायचं नाही. एक वाक्य बोलायचं, फोनकडूनच ते वाचून घ्यायचं, कानाला खटकलं तर दुरुस्त करायचं. डोळ्याला न दिसलेली चूक कानाला सापडते.

दुसरं, टायपिंग शिकवणार असाल तर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायच्या नादाला लागू नका. एका लिपीचा त्रास कमी म्हणून दुसरी कशाला? इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड, शिकवा. त्यात आधी 'क' आणि मग वेलांटी, बोलतो त्याच क्रमानं. ताईंनी वर वेलांटीचं जे सांगितलं, ती कटकट तिथं नाही. बोटं बसायला वेळ लागतो, पण एकदा बसली की बसली.

पांढरारस्सा

दहावीच्या सवलतींचं कुणी नीट सांगेल का? पुतणी आठवीत आहे. शाळा म्हणते बघू नंतर.

बालरोग_शाहूपुरी

नंतर नको, आत्ताच लागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे (डिस्लेक्सिया त्यातच येतो), आणि महाराष्ट्रात परीक्षेच्या सवलती त्याच्याही आधीपासून आहेत. खासगी चाचणीचा अहवाल शिकवण्यासाठी उपयोगी, पण सवलतीसाठी अधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. प्रस्ताव शाळेमार्फत आपल्या कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घेता येतो, तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो. शुद्धलेखनाच्या चुकांबाबतही सूट असते. कागदपत्रांना आणि तारखा मिळायला वेळ जातो, म्हणून दहावीचा फॉर्म भरायची वाट बघू नका.

विशेष_ताई

त्यात माझी भर. लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं, असं नाही. समोरच्याला सांगून लिहून घेणं हे वेगळंच कसब आहे. कुठं थांबायचं, 'नवीन परिच्छेद' कधी म्हणायचं, लिहिलेलं परत वाचून कधी घ्यायचं, हे आधी करून बघावं लागतं. मोठ्या परीक्षेत पहिल्यांदाच लेखनिकाशेजारी बसलेली मुलं संकोचून एकेका शब्दात उत्तर देतात. घरात आईनं लिहून घेणं हा त्याचाच सराव आहे, सासूबाईंना असं सांगून बघा.

निवृत्त_मास्तर

हे पटलं. लेखनिकाला सांगायचा सराव मी धरला नव्हता हिशेबात. हात चालू ठेवा हे माझं म्हणणं मात्र कायम.

शाळेतल्या बाईंशी बोलताना उपयोगी पडेल असं एक सांगतो. आठवीपर्यंत आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प ही साधनं अधिकृत आहेत. म्हणजे गुऱ्हाळाची तोंडी माहिती सांगितली तर बाईंना त्याची नोंद घेता येते, गुण देता येतात. वेगळी मेहरबानी नाही ती. शिवाय गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ असतात, मुख्याध्यापकांना त्यांना बोलवायला सांगा. आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरगं शाळेत आणलं तर त्याला काय येतं हे बघायची जबाबदारी शाळेचीच.

कटवडा

मास्तरांचा संघ बदलला! मध्यंतरानंतर ताईंकडून खेळायला लागले.

निवृत्त_मास्तर

मी पंच आहे.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. मधे काही दिवस करून बघितलं, कसं झालं ते सांगते.

लिहून घेणं लगेच जमलं नाही, कारण तो इतका भराभर बोलतो की माझाच हात मागं पडतो. मग रेकॉर्ड केलं. स्वतःचा आवाज ऐकायला त्याला अजिबात आवडलं नाही, कान झाकून बसला. तालीमवाले, तुमचा भाचा वेगळा. चिठ्ठ्या मात्र जमल्या. गुऱ्हाळ, काहील, चुलवाण, मळी, ढेप अशी पट्टी करून दिली. एका बैठकीत सगळं होत नाही, दोन-तीन चिठ्ठ्यांनंतर उठतो. शेवटी जे झालं त्यातला तुकडा देते, शब्द त्याचेच, पूर्णविराम दोघांचे:

'मळी वर आली की काळी दिसते. ती काढायला लांब दांड्याचा झारा असतो. मला धरू देत नाहीत कारण वाफ लागते. एकदा मामा बोलत बसला आणि पाक पुढं गेला. मग आजोबा मामाला बोलले. मामा काही बोलला नाही.'

आजोबा मामाला बोलले हे मला माहीतच नव्हतं! भावाला फोन केला तर तो म्हणतो हे लिहायची काय गरज होती.

राहिलेली शंका: बाईंना पट्टी चालत नाही. 'परीक्षेत पट्टी कोण देणार' म्हणतात. आणि सवय लागायचा मुद्दा आहेच, मी किती दिवस लिहून द्यायचं?

कटवडा

मामाची बाजूही छापा. एकतर्फी बातमी आहे ही.

विशेष_ताई

वा! 'मामा काही बोलला नाही' हे वाक्य मोठ्या माणसांनाही सुचत नाही. नवा शब्द नाही, जोडाक्षर नाही, पण सांगायचं होतं म्हणून आलं.

पट्टीचं असं सांगा की ती परीक्षेसाठी नाहीच, रोजच्या वर्गासाठी आहे. तोच शब्द पट्टीवरून बघून पुनःपुन्हा लिहिला की काही शब्द हाताला बसतात. ते पट्टीवरून काढून टाका, काढायचं काम त्यालाच द्या. बाई तरीही नाही म्हणाल्या तर निबंधाचा विषय आदल्या दिवशी तरी सांगा, अशी विनंती करा. चिठ्ठ्या घरी लावून होतील. एवढ्याला बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत.

'किती दिवस' याला तारीख नाही, पण काम हळूहळू त्याच्याकडे सरकवायचं. आत्ता तुम्ही लिहिता. काही दिवसांनी शेवटचं वाक्य त्याचं, मग पहिलं आणि शेवटचं, मग चिठ्ठ्याही त्याच्याच हातच्या. ज्या दिवशी शाळेतून दमून आलाय त्या दिवशी परत सगळं तुम्ही लिहा. त्याला मागं जाणं म्हणू नका. आणि इतिहास-विज्ञानाच्या उत्तरांना जिथं माहिती तपासायची आहे, तिथं बोलून टाईप करणं किंवा तोंडी उत्तर खुशाल चालू द्या. हाताचा सराव मास्तर म्हणतात तसा वेगळा, थोडाच, रोज. रोज पानभर शुद्धलेखन मात्र बंद करा. चुकीचं पाहून चुकीचं उतरवलेलं पान कुणाच्याच कामाचं नसतं.

निवृत्त_मास्तर

पान नको, चार ओळी. पण रोज.

विशेष_ताई

चार ओळी मान्य.

तालीमवाला

ताई, भाच्याला गणितातली शाब्दिक उदाहरणं अज्याबात सुटत नाहीत. आकडेमोड चोख, पण 'रामूने १२ डझन केळी' आलं की पेन खाली. तिथं चिठ्ठ्या चालतील काय?

विशेष_ताई

चालतील, पण वेगळ्या तऱ्हेनं. त्यासाठी नवीन धागा काढा, इथं मिसळलं तर नंतर कुणाला सापडणार नाही.

तालीमवाला

काढतो. रामूची केळी असं नाव देतो.